उस्तादाचा कोपरा

हाशम परकार जिप्समचं काम करतात. छताखालच्या पट्ट्या, खांबांचे माथे, दारांवरच्या कमानी. गाव बाणकोट, मुक्काम सौदीतलं खमीस मुशैत. ते ज्या दुकानात आहेत त्याच दुकानात मी बिलं करतो. माझं गाव म्हसळा. मराठी घेऊन एम.ए. केलं म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मी त्यांना चाचा म्हणतो. वयात बापलेकाचं अंतर आहे, पण इथे संध्याकाळी गप्पा मारायला दुसरं कोणी नाही. त्यामुळे मैत्री झाली.

दुकानात सगळ्यात जास्त खपते ती यूनानी. म्हणजे ग्रीक नक्षी. एक रेघ सरळ जाते, काटकोनात वळते, स्वतःच्या पोटात शिरते आणि पुन्हा बाहेर येऊन पुढे चालू लागते. तिच्या एका वळशाला कारागीर चावी म्हणतात. खमीसमधल्या बऱ्याच नव्या घरांच्या छताखाली ती आहे. गिऱ्हाइकाला ग्रीस कुठे आहे हे ठाऊक नसतं. त्याला शेजाऱ्याच्या मजलिसीत आहे तशी हवी असते. घरात पुरुष पाहुण्यांना बसवतात ती मोठी खोली म्हणजे मजलिस.

कॉलेजच्या वाचनालयात मी ग्रीक मडक्यांची चित्रं पाहिली होती. लाल मातीवर काळी माणसं. घोडे, भाले, पाण्याला निघालेल्या बाया. त्यांच्या पायांखाली ही पट्टी असे. ती माणसं तिच्यावर उभी असत. इथे फक्त पट्टी आली. सजीवांची चित्रं घरात नकोत, म्हणून कॅटलॉगमधल्या सिंहांच्या आणि देवतांच्या तोंडांवर मालकाने काळं मार्कर फिरवलेलं आहे. उरलं ते चावी, पान, पंखा, लाट. चाचांनी सगळं आयुष्य या चार गोष्टींवर काढलं.

एकदा मी त्यांना सांगितलं, या नक्षीचं इंग्रजी नाव एका नदीवरून आलंय. फार वळणं घेत जाणारी नदी होती.

"सावित्रीसारखी?" त्यांनी विचारलं. बाणकोटला सावित्रीच समुद्राला मिळते.

"तशीच असेल."

"मग बरोबर. नदी कोपऱ्यात तुटत नाय." एवढं बोलून ते साच्यात जिप्सम ओतू लागले.

ते विशीत जेद्दाला आले. बलद या जुन्या वस्तीतल्या एका हॉटेलात सामान उचलायचे. हॉटेलात दुरुस्ती निघाली आणि रिझक नावाचा इजिप्तचा कारागीर छत करायला आला. चाचा कामातून वेळ मिळेल तसे त्याच्या परातीजवळ उभे राहत. शेवटी त्याने विचारलं, हात आहेत की नुसते डोळे? तिथून ते त्याचे शागीर्द झाले. रिझकने त्यांना सगळं शिकवलं. जिप्सम किती पातळ, साचा कधी सोडायचा, ओल्या पट्टीवर अंगठा कसा फिरवायचा. फक्त कोपरा शिकवला नाही. भिंती दोन दिशांनी येतात आणि कोपऱ्यात मिळतात. तिथे चावी अर्धी तुटली की सगळी खोली लंगडी दिसते. ती वेळ आली की रिझक म्हणायचा, "हाशम, चहा आण." चाचा चहा घेऊन येईपर्यंत कोपरा झालेला असे.

"मग तुम्ही कसं शिकलात?"

"तो आजारी पडला. माघारी जायच्या आदल्या दिवशी त्यानं सांगितला. सांगताना रडला. मी म्हटला, मुअल्लिम, रडता कशाला? तो म्हणाला, आता माझ्याजवळ काय राहिलं?"

ही गोष्ट ते हसत सांगायचे. मीही हसायचो.

पुढे ते खमीसला आले. इथली थंडी त्यांना मानवली. बदरुन्निसाचाची आणि मुलगी नबीला बरीच वर्षं सोबत होत्या. मग परदेशी कामगारांच्या कुटुंबांवर सरकारी फी बसली, ती दरवर्षी वाढत गेली. दोघी गावी परतल्या. नबीला आता रत्नागिरीत फार्मसी शिकते. चाचा दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात. जवळच्या हवाई तळावरून लढाऊ विमानं उडाली की दुकानाच्या कारखान्याचे पत्रे थरथरतात आणि ओल्या पट्टीला केसासारखी चीर जाते. मग विमानांना ते बाणकोटी शिव्या देतात. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

सौदायझेशन सुरू झालं तेव्हा आम्ही फार घाबरलो नव्हतो. दुकानात ठरावीक स्थानिक माणसं हवीत असा नियम आला. मालक अबू नासिर म्हणजे आमचा कफील, त्याच्याच नावावर आम्ही इथे राहतो. त्याने आपले दोन पुतणे कागदावर घेतले. ते पगाराच्या दिवशी यायचे, कॉफी प्यायचे, आमची चौकशी करायचे आणि जायचे. मग तपासणी कडक झाली. कागदावरची माणसं दुकानात दिसली पाहिजेत असं ठरलं. पुतण्यांना ते जमेना. त्यांच्या जागी मालकाच्या ओळखीतला मुशब्बब आला.

मुशब्बब खरंच शिकायला आला होता. चाचांची झोप उडाली ती यामुळे.

बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. पांढरा पायघोळ थोब घालून यायचा, आत जाऊन जुनी पँट चढवायचा. त्याच्या आजीने आपल्या जुन्या घराच्या भिंती स्वतः रंगवल्या होत्या. इथल्या बायकांची ती रीत आहे. लाल, पिवळे, हिरवे त्रिकोण, बारीक रेघा. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. चाचांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"हात हाय म्हातारीचा," ते मला मराठीत म्हणाले. त्याला मात्र काही बोलले नाहीत.

तो चाचांना उस्ताद म्हणायचा. आल्यावर त्यांच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा, जसं इथे वडीलधाऱ्यांचं घेतात. पहिल्यांदा घेतलं तेव्हा चाचा इतके गडबडले की हातातली सुरी परातीत पडली.

"आमच्याकडे कोणी मुका घेतला नाय रे मास्तर. कफीलचं माणूस आणि आपल्या कपाळाला!"

"मग आवडलं का?"

"गप."

त्यांनी त्याला शिकवलं. मनापासून शिकवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण कोपरा आला की म्हणायचे, "मुशब्बब, चहा." मला वाटलं होतं, सौदी पोरगा चहा आणायला जाणार नाही. तो गेला. दर वेळी गेला. पुढे पुढे तर घरून थर्मास आणू लागला, पण चाचा म्हणायचे, नको, कोपऱ्यावरच्या येमेनीचा हवा. तो हसत हसत जायचा.

मग अबू नासिर एके दिवशी काउंटरवर बसून, सगळ्यांसमोर बोलला. आवाज चढवला नाही. मुशब्बबच्या बापाची नवी मजलिस बांधून होतेय, तिचं काम मुशब्बब एकटा करेल. ते नीट झालं तर हाशमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, या वेळी नवा करायचा नाही.

"तू पुष्कळ काम केलंस हाशम. आता घरी जा, आराम कर. आमचा मुलगा तयार झाला."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना धीर द्यायला गेलो. म्हटलं, गावी काम मिळेल. 

"बाणकोटात यूनानी कोणाला हवाय रे? तिथं लोक मंगलोरी कौलं काढून पत्रे घालतात." मग म्हणाले, "नबीलाचा शिक्षण व्हायचा हाय. आणि खरं सांगू? तिथं मी कोण? दुबईवाला, सौदीवाला. चार महिने लोक सलाम करतील. मग?"

मुशब्बब काम सुरू करायच्या आधी त्यांच्याकडे आला. सुरुवात कुठून करू, असं विचारलं. चाचा साचे घासत होते. मान वर न करता म्हणाले, "दाराजवळच्या कोपऱ्यातून. उजवीकडे जात राहा. मध्ये थांबू नको."

मी तिथेच बिलं लावत होतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मुशब्बबने त्यांचं कपाळ चुंबलं आणि तो गेला.

काम चालू असताना तो दुकानात आला नाही. चाचांचं जेवण कमी झालं. मला वाटलं, नोकरीची काळजी असेल.

शुक्रवारी दुपारच्या जेवणाचं बोलावणं आलं. मुशब्बब स्वतः आला. नवी मजलिस उघडायची आहे, उस्ताद आलेच पाहिजेत, आणि मला म्हणाला, उमेर, तूही ये. चाचा म्हणाले, पोट बरं नाही. तो म्हणाला, तुम्ही आला नाहीत तर जेवण वाढणार नाही, माझ्या बापाने सांगितलंय. त्यावर काही बोलता येत नाही.

चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पिकअप मी चालवत होतो. रस्ता डोंगराच्या कडेने जातो. धुकं होतं. कठड्यावर माकडं बसलेली होती. एका वळणावर चाचा म्हणाले, "गाडी बाजूला घे."

मी घेतली. वाटलं, उलटी होतेय.

"आज तिथं अर्धी चावी दिसेल," ते म्हणाले. "शेवटच्या कोपऱ्यात."

"कशी काय?"

"मी तसा सांगितला म्हणून." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "एका कोपऱ्यातून निघून गोल फिरत आलास की शेवटी पट्टी पहिलीला भेटत नाय. भेटूच शकत नाय. खोलीची लांबी चावीच्या मापात कधीच बसत नसते. कोपऱ्यांतून सुरू करायचं असतं. चारही. मी त्याला उलटा सांगितला."

 या माणसाबद्दल मी घरी लिहीत असे. आईला फोनवर म्हणत असे की इथे एक खरा माणूस भेटलाय.

"चाचा, परत फिरू."

"नको. नाय गेलो तर त्याचा अपमान." मग स्वतःच तोंड वेडंवाकडं करून हसले. "बघ, मला त्याच्या अपमानाची काळजी. चल."

मजलिस मोठी होती. भिंतीलगत तांबड्या गाद्या. अबू नासिर आधीच येऊन बसला होता. मुशब्बबचे काका, शेजारी, दोन-तीन म्हातारे. मुशब्बबचा बाप दारात उभा होता. त्याने चाचांचा हात धरला आणि त्यांना आत नेऊन सगळ्यात वरच्या जागेवर बसवलं. चाचा अवघडून बसले. गेली तीसेक वर्षं ते असल्या खोल्यांत शिडीवर असायचे. गादीवर बसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी वर पाहिलं. पट्टी स्वच्छ होती. भिंतींच्या मध्यावर जिप्समचे पंखे होते, सारख्या मापाचे. तीन कोपऱ्यांत नक्षी दुमडून पुढे गेली होती. माझ्या डोळ्यांना त्यात दोष दिसला नाही. चौथा कोपरा, दाराजवळचा, पांढऱ्या कापडाने झाकलेला होता.

कॉफी फिरली. मुशब्बब उठला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने कापड ओढलं.

खाली काहीच नव्हतं. हातभर जागा मोकळी, घासून गुळगुळीत केलेली.

"मी उस्तादांबरोबर जेवढी कामं केली," तो सगळ्यांना म्हणाला, "कोपरा आला की ते मला बाहेर पाठवायचे. मला वाटायचं, का? मग आजीने सांगितलं. ती भिंत रंगवायची तेव्हा शेवटची रेघ स्वतः मारत नसे. जिने शिकवलं तिला बोलावून तिच्या हातून मारून घ्यायची. तेव्हा मला कळलं. शेवटचा कोपरा उस्तादाचा असतो. शागिर्दाने तो बघायचाही नसतो. हा मी त्यांच्यासाठी ठेवलाय."

म्हातारे "माशाल्ला" म्हणाले. कोणीतरी शिडी आणली. परातीत जिप्सम कालवलेलं तयार होतं.

चाचा उठले. शिडी चढले. वर उभे राहून त्यांनी त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला. डाव्या बाजूने आलेली चावी बघितली, उजवीकडची बघितली. मला आता कळत होतं. दोन्ही एकमेकींना भेटणार नव्हत्या.  अबू नासिर खाकरला.

खाली उतरून चाचा म्हणाले, "हे बसणार नाही. सगळी पट्टी उतरवावी लागेल."

 मग सगळ्यांचे डोळे मुशब्बबकडे वळले. त्याच्या बापाने हातातला पेला खाली ठेवला. अबू नासिरच्या भुवया वर गेल्या. तेवढ्या क्षणात चाचा गप्प राहिले असते तर सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं.

"चूक त्याची नाही," चाचा म्हणाले. त्यांची अरबी बाजारातली, तुटकी. ती आणखी तुटली. "त्यानं मला विचारलं. मी त्याला चुकीचं सांगितलं. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगितलं."

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल.

पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा हळूच हसला. "बघा," तो शेजाऱ्याला म्हणाला. "शागिर्दाची चूक स्वतःच्या डोक्यावर घेतो. असे उस्ताद आता राहिले नाहीत."

"नाही, नाही," चाचा म्हणाले. "खरंच मी—"

"बस, हाशम, बस." मुशब्बबचा बाप उठून आला होता. त्याने चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "माझ्या पोराची लाज राखलीस. अल्लाह तुझी राखो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. सांग यांना, असं ते डोळे म्हणत होते. माझी अरबी बिलापुरती आहे. तरी मी म्हणालो, ते खरं बोलतायत. म्हातारा माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाला, "आणि हा त्याचा मित्र."

फक्त मुशब्बब हसत नव्हता. तो चाचांकडे बघत होता. दाराजवळच्या कोपऱ्यातून, उजवीकडे, मध्ये थांबू नको. ते शब्द त्याला आठवत असणार. त्याला कळलं होतं.

अरीका आला. भाकरीच्या लगद्यावर मध आणि तूप. मुशब्बबच्या बापाने पहिला घास चाचांसमोर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. त्यांना गिळताना मी पाहिलं आणि मान खाली घातली. अबू नासिर हात पुसत जाहीरपणे म्हणाला की असा माणूस घालवायचा नसतो, इकामा नवा होईल, खलास. सगळ्यांनी मान डोलावली.

परतताना चाचा एकच वाक्य बोलले. "खरं बोलून पण सुटका नाय रे."

रात्री मी विचारलं, एखादं मोठं पान लावून ती जागा झाकता आली नसती का? कोणाला कळलंही नसतं.

"आली असती झाकता. मग ते पान जन्मभर त्याच्या बापाच्या डोक्यावर राहिला असता."

शनिवारी आम्ही पट्टी उतरवायला गेलो. मी सुट्टी घेतली होती. मुशब्बब आधीच तिथे होता, पँट चढवून. त्याने चाचांच्या कपाळाला ओठ लावले नाहीत. सलाम केला, तोही मला आणि त्यांना मिळून एक. छिन्नी लावून त्याने पट्ट्या काढायला घेतल्या. जिप्सम चिकटलं की शाबूत निघत नाही. त्याच्या चाव्या तुकडे होऊन गाद्यांवर अंथरलेल्या कापडावर पडत होत्या. चाचा ते तुकडे गोळा करत होते. मजूर होता त्यासाठी. त्याला त्यांनी हात लावू दिला नाही.

भिंती मोकळ्या झाल्यावर चाचा म्हणाले, "इकडे ये."

त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने खूण केली. दोन भिंतींवर एकेक चावी काढली, पाठीला पाठ लावून. मग दुसऱ्या कोपऱ्यात तेच. मग भिंतीच्या मध्यावर गेले. दोन्हीकडून आलेल्या पट्ट्या तिथे मिळणार होत्या, पण मापात जुळणार नव्हत्या. तिथे त्यांनी पंख्याचा आकार काढला.

"पंखा शोभेसाठी नसतो," ते म्हणाले. "दोन्हीकडची तूट त्याच्या खाली जाते. पट्टी कमी पडली तर पंखा मोठा. जास्त झाली तर लहान. कोपरे पुरे होतात. चोरी मध्यात राहते."

मुशब्बबने पंख्याकडे पाहिलं. आपण काढलेले, नीट मोजून मध्यावर लावलेले, आता फुटून पडलेले पंखे त्याला दिसत असावेत.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"एवढ्यासाठी मला बाहेर पाठवत होतास?"

त्याने 'उस्ताद' म्हटलं नाही. तो चिडलेलाही नव्हता. खरंच विचारत होता. चाचा पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर घासू लागले.  मला रिझकची आठवण झाली, पण त्या गोष्टीत आता हसण्यासारखं काही नव्हतं.

मुशब्बबने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली. शिडी तिसऱ्या कोपऱ्यात नेली आणि चढला. पहिल्या प्रयत्नात खूण बरोबर आली. चाचांनी खालून बघितलं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

इकामा नवा झाला. दुकानात लोक अजून त्या शुक्रवारची गोष्ट सांगतात, गिऱ्हाइकांनाही सांगतात. चाचा त्या वेळी आतल्या खोलीत जातात आणि नळ सोडून हात धूत राहतात, हाताला काही लागलेलं नसलं तरी. मुशब्बब चांगलं काम करतो. काही विचारायचं असेल तर तो आता "हाशम" म्हणतो, जसं अबू नासिर म्हणतो, जसं इथे कोणीही कारागिराला म्हणतं. चाचा लगेच उठतात.